तबेल्यातल्या घोड्याला रोज सुकं गवत किती घालावं?

चौखूर

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण तिघांना विचारलं की चार उत्तरं मिळतात, म्हणून इथे मांडतेय.

घोडा खच्ची, वय अकराच्या आसपास. आठवड्यातून चार-पाच दिवस तासभर रपेट, त्यात बरीचशी चाल आणि दुडकी, थोडी दौड. बाकी वेळ थानावर, म्हणजे तबेल्यातल्या त्याच्या जागी. दुपारी मोकळा सोडतो ते मैदान मुरमाड आहे, गवताची काडी नाही. म्हणजे त्याच्या पोटात जे जातं ते सगळं आपण घातलेलंच.

सध्याचा रतीब असा: सकाळी कवळाभर सुकं गवत, संध्याकाळी कवळाभर, आणि दोन वेळची मिळून दोन किलो चंदी (ओट आणि गव्हाचा कोंडा). गवत दीड-दोन तासांत साफ होतं. मग रात्रभर दाराची फळी कुरतडत बसतो. फळीच्या कडा पार गोल झाल्यात. बरगड्या पुसटशा दिसतात. मी गवत वाढवा म्हटलं की सल्ला येतो, "पोट सुटेल, त्यापेक्षा चंदी वाढवा."

तर किती घालायचं, ते ठरवायचं कसं, आणि दिवसातून किती वेळा?

जुनापागेदार

आधी घोड्याचं वजन सांगा. त्याशिवाय "किती" या प्रश्नाला अर्थ नाही. कवळाभर हे माप माणसाच्या हातांचं आहे, घोड्याच्या पोटाचं नाही. मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) बदलला की कवळा बदलतो.

वजनकाटा नसेल तर फीत घ्या. घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर नीट उभा करा. छातीचा घेर कोपरांच्या लगेच मागून आणि मान पाठीला मिळते तिथल्या उंचवट्याच्या मागून घ्यायचा. त्याने श्वास सोडला की आकडा वाचायचा. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. मग घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येईल ते किलो. अगदी काट्याइतकं अचूक नसतं, पण मोठ्या घोड्याला चालतं. शिंगराला आणि गाभण घोडीला हे सूत्र लावू नका.

एकदा वजन कळलं की हिशोब सोपा. घोडा दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण दीड ते अडीच टक्के कोरडा चारा खातो. हलक्या कामाच्या, बेताच्या अंगाच्या घोड्याला दोन टक्के धरून सुरुवात करावी. ही टक्केवारी पाणी वगळून उरणाऱ्या चाऱ्याची असते. नीट वाळलेल्या गवतातही दहा-पंधरा टक्के पाणी असतंच, म्हणून प्रत्यक्ष गव्हाणीत थोडं जास्त पडायला हवं.

रिकीब

आमच्याकडे आजवर कुणी गवत तोलून घातलेलं मी पाहिलं नाही. घोड्याकडे बघायचं आणि हात सैल सोडायचा की आवळायचा ते ठरवायचं. फीत, भागाकार, टक्के... घोडा पाळताय की बँक चालवताय?

खरारा

रिकीबभाऊ, तुमची नजर तयार आहे हे मान्य. पण नजर घोड्यावर चालते, गठ्ठ्यावर नाही. पानेरी, लवकर कापलेलं, घट्ट दाबलेलं गवत आणि उशिरा कापलेलं काडीदार सैल गवत, दोन्हींचा कवळा दिसायला सारखाच. वजनात मात्र निम्मा-दुपटीचा फरक पडू शकतो. एकाच गठ्ठ्याचे थर सुटे करून तोललेत कधी? मधला थर आणि टोकाचा थरही सारखे भरत नाहीत.

चौखूर, एक लटकता काटा घ्या. मासळी किंवा सामान तोलायचा असतो तसला. गवत जाळीच्या पिशवीत भरा, हुकाला लावा, पिशवीचं वजन वजा करा. एका पिशवीमागे अर्धं मिनिट जातं. नवीन खेपेचे गठ्ठे आले की पुन्हा तोलायचं, कारण जुना अंदाज त्या दिवशी संपला.

तट्टूवाली

तोलायचंच कशाला? घोड्यासमोर चोवीस तास गवत असलं पाहिजे. रानात घोडा दिवसातले चौदा-सोळा तास चरतो, तिथे कुणी काटा घेऊन उभं नसतं. पोट भरलं की तो आपणहून थांबतो.

जुनापागेदार

काही थांबतात, काही नाही. तुमचं नावच तट्टूवाली, तेव्हा हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. :) थंड, डोंगराळ, रुक्ष मुलखातल्या जातींची तट्टं समोर गवत आहे तोवर खात राहतात. मुबलक गवत ज्याला मानवतं असा घोडा म्हणजे अंगाने सडसडीत, भरपूर काम असलेला, किंवा दूध पाजणारी घोडी. बाकीच्यांना मोजूनच.

नाडीपरीक्षा

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते.

वरच्या वादात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, दिवसभरात किती किलो. दुसरा, दोन घासांमध्ये पोट किती वेळ रिकामं राहतं. तट्टूवाली दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताहेत आणि जुनापागेदार पहिल्याचं, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, मोठ्या घोड्यातही जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्यात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो की नसो. माणसासारखं जेवणाच्या वेळेची वाट ते बघत नाही. या आम्लाला उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना. समोर चारा नाही म्हणजे चावणं नाही, लाळ नाही, आणि आम्ल चालूच. जठराच्या वरच्या अर्ध्या भागाला आम्लापासून संरक्षण देणारं अस्तर नसतं, तिथे व्रण पडतात. म्हणून सलग चार-पाच तासांहून जास्त काळ गव्हाण रिकामी राहू नये असं आम्ही सांगतो.

आता चंदी आणि गवताची तुलना बघा. एक किलो सुकं गवत चावायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात, तीन हजारांहून जास्त वेळा जबडा हलतो. एक किलो दाणा दहा मिनिटांत संपतो. "गवत नको, चंदी वाढवा" या सल्ल्याने कॅलरी भरून निघतील, पण चावण्याचे तास कुठून आणणार? ते तास फळीवर भरून निघतात. फळी कुरतडणाऱ्या प्रत्येक घोड्याला व्रण असतो असं नाही, पण चारा कमी असल्याची ती नेहमीची खूण आहे.

किमान किती, याची रेषा वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा. फार लठ्ठ घोड्याला सव्वा टक्क्यापर्यंत नेता येतं, पण वैद्याच्या देखरेखीखालीच. त्याखाली जायचं नाही.

चौखूर, फीत लावून आकडे कळवा. आणि आज हातात असलेला कवळा तोला.

लीदशास्त्री

उपस्थिती लावून जातो. आकडे येऊ द्या, मग लिहितो.

चौखूर

सगळ्यांचे आभार. घेर १७५, लांबी १५५. भागाकार केला तर ३९९.६ येतात, ४०० किलो धरते.

गवत तोललं. सकाळचा कवळा २.३ किलो, संध्याकाळचा २.७. म्हणजे दिवसाला पाच किलो! मोतद्दाराशी बोलले. तो म्हणाला, आधीच्या गठ्ठ्यांच्या वेळी एवढ्याच कवळ्यात घोडा रात्री उशिरापर्यंत खात असायचा. आताचे गठ्ठे सैल आणि काडीदार आहेत. खराराने लिहिलं तेच.

जुनापागेदार

घ्या, आता हिशोब मांडू.

४०० किलोच्या दोन टक्के म्हणजे ८ किलो कोरडा चारा. गवतात बारा टक्के पाणी धरलं तर ८ भागिले ०.८८, म्हणजे ९.१ किलो. गव्हाणीत रोज नऊ किलो.

किमान रेषा: दीड टक्का म्हणजे ६ किलो कोरडा, म्हणजे ६.८ किलो गवत.

तुमचं चाललंय पाच किलो. कोरडा चारा ४.४, वजनाच्या १.१ टक्के. किमान रेषेच्याही बरंच खाली.

रिकीब

बरं. पण मग घोडा हाडांचा सापळा का नाही झाला? बरगड्या "पुसटशा" दिसतात म्हणतायत.

जुनापागेदार

चांगला प्रश्न. चंदीने सांभाळलंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली घोड्यांच्या गरजांचे जे आकडे दिले त्यांनुसार नुसत्या बसून असणाऱ्या घोड्याला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.०३३३ मेगाकॅलरी पचनीय ऊर्जा लागते. ४०० किलोला १३.३. हलक्या कामाला वीस टक्के वर, म्हणजे १६.

बेताच्या प्रतीच्या गवतात कोरड्या किलोमागे साधारण १.९ मेगाकॅलरी धरा. ४.४ किलोचे झाले ८.४. दोन किलो चंदीचे साडेपाच-पावणेसहा. एकूण १४. गरज सोळाची. दोनाची तूट हळूहळू अंगातून जातेय, म्हणून बरगड्या दिसू लागल्यात.

आता नऊ किलो गवत घातलं तर नुसत्या गवताचेच १५ होतात. वर अर्धा किलो ओट दिले की गरज भागली. म्हणजे दीड किलो चंदी कमी होऊनही घोडा भरेल. "पोट सुटेल" म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

गवत खरंच किती कसाचं आहे ते मात्र डोळ्यांनी कळत नाही. चारा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना दिलात तर ऊर्जा, प्रथिनं, साखर, कॅल्शियम, फॉस्फरस सगळं येतं. नमुना एका गठ्ठ्याच्या वरवरच्या मुठीचा नको. बऱ्याच गठ्ठ्यांच्या पोटातून थोडंथोडं काढून एकत्र करा.

नाडीपरीक्षा

हिशोब बरोबर. फक्त उद्यापासून एकदम पाचाचे नऊ करू नका! गवत तेच असलं तरी दोन-तीन दिवसांनी अर्धा किलो अशी वाढ करा. चंदी त्याच गतीने खाली आणा. घोड्याचं मोठं आतडं म्हणजे आंबवण्याची टाकी आहे. तिथल्या जिवाणूंना बदलायला वेळ लागतो. गवताची जातच बदलणार असाल, किंवा नवी खेप जुन्यापेक्षा खूप वेगळी असेल, तर जुन्यात नवं मिसळत दहा ते चौदा दिवस घ्या. घाईने केलेला बदल हे पोटशूळाचं एक फार ओळखीचं कारण आहे.

तुमच्या घोड्याला मात्र किमान रेषेजवळ जरा लवकर आणा. पहिल्या दोन दिवसांत सहा, मग सावकाश वर.

अजून एक. वाढवण्याआधी दात बघून घ्या. अकरा वर्षांच्या घोड्याच्या दाढांना धारदार कडा आलेल्या असू शकतात. गवताचे ओले, अर्धवट चावलेले बोळे गव्हाणीपाशी पडलेले दिसतात का?

चौखूर

बोळे नाहीत. दात गेल्या तपासणीत घासून घेतलेत.

डॉक्टर, घोडा "बरा" आहे की "रोड" हे ठरवायचं कसं? इथे प्रत्येकाचं मत वेगळं.

नाडीपरीक्षा

हात लावून. नजर फसवते, विशेषतः थंडीत केस वाढले की. १९८३ सालची हेनेके यांची १ ते ९ गुणांची पद्धत सगळीकडे वापरतात. १ म्हणजे नुसती हाडं, ९ म्हणजे लठ्ठपणाची हद्द. मान, मान पाठीला मिळते तिथला उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ, या सहा ठिकाणी हात फिरवायचा. बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, कंबर सपाट, शेपटीच्या मुळाशी चरबी जरा मऊ लागते, म्हणजे ५. रपेटीच्या घोड्याला ५ उत्तम. तुम्ही वर्णन केलंय ते ४ च्या आसपास वाटतं.

पोट मोठं दिसतंय यावरून लठ्ठ म्हणू नका. काडीदार गवत भरपूर खाणाऱ्या घोड्याचं पोट फुगीर दिसतं आणि बरगड्याही दिसतात, दोन्ही एकाच वेळी. त्याला "गवताचं पोट" म्हणतात, चरबीशी त्याचा संबंध नाही. बहुधा "पोट सुटेल" ही भीती तिथूनच आलीय.

दर पंधरवड्याला फीत आणि हात, दोन्हींची नोंद ठेवा. फीत नेहमी एकाच माणसाने, एकाच वेळी लावायची.

खरारा

आता वेळा. नऊ किलो, किलोला चाळीस मिनिटं, म्हणजे सहा तास चावणं. दिवसाचे अठरा तास उरतातच! म्हणून नुसतं वजन वाढवून भागत नाही, ते पसरायला लागतं.

मी असं वाटलं असतं: पहाटे २ किलो, दुपारी दीड, संध्याकाळी दोन, आणि रात्री शेवटच्या फेरीला साडेतीन. रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा, कारण रात्रीचं अंतर सगळ्यात लांब, आणि नेमकं तेच बहुतेक तबेल्यांत सगळ्यात लहान असतं. का, तर माणसांना झोपायचं असतं.

रात्रीचं गवत बारीक भोकांच्या जाळीत भरा. तोंडात एका वेळी चार काड्या येतात, तेवढंच गवत बराच जास्त वेळ पुरतं. एक मोठी जाळी लावण्यापेक्षा दोन लहान, थानाच्या दोन कोपऱ्यांत. घोडा हलता राहतो. सुरुवातीला थोडं गवत सुटंही ठेवा, नाहीतर काही घोडे वैतागून जाळीच फाडतात.

उंची सांभाळा. रिकामी झाल्यावर जाळी खाली लोंबते, आणि नाल मारलेला खूर तिच्यात अडकला तर घोडा घाबरून स्वतःला मोडून घेतो. रिकामी जाळीही गुडघ्याच्या बरीच वर राहिली पाहिजे, पण डोळ्यांच्या वरही नको, कचरा डोळ्यांत आणि नाकात जातो. गाठ ओढली की सुटणारी.

तट्टूवाली

जमिनीवरच टाका की. मान खाली घालून खाणं हीच घोड्याची मूळ ठेवण, नाकातली धूळही खाली गळते.

खरारा

सहमत, थानाची जमीन स्वच्छ असेल तर. पण जमिनीवर टाकलेल्यातलं बरंच तुडवलं जातं, त्यावर लीद पडते, ते घोडा खात नाही. मग तोललेल्या नऊ किलोंतले पोटात किती गेले हे कळत नाही. जमिनीवर घालत असाल तर सकाळी उरलेलं गोळा करून तोला आणि तेवढं हिशोबातून वजा करा. आणि वाळूची जमीन असेल तर अजिबात नको. गवताबरोबर वाळू पोटात जाते, आतड्यात साठते आणि शूळ होतो.

लीदशास्त्री

आता माझा विषय. :)

गवत वाढवलं की सगळ्यात आधी बातमी देते ती लीद, फीत नाही. निरोगी घोडा दिवसातून आठ-बारा वेळा लीद टाकतो. गोळे ओलसर, पडल्यावर किंचित फुटणारे. गोळे लहान, कडक आणि चिकट आवरणाचे झाले तर पाणी कमी पडतंय, वाढ थांबवा आणि पाणी बघा. पातळ झाली तर बदल घाईने झालाय किंवा गवत वेगळं आहे. लिदीत लांबलचक अख्ख्या काड्या दिसल्या तर दात. आणि लीद थांबली, घोडा पोटाकडे वळून बघतोय, जमीन उकरतोय, तर हा धागा वाचत बसू नका, वैद्याला बोलवा.

पाण्याचं वेगळं सांगतो. सुक्या गवतावरच्या घोड्याला हिरव्या चाऱ्यावरच्या घोड्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी लागतं, कारण ताज्या गवतात निम्म्याहून बरंच जास्त पाणीच असतं. ४०० किलोच्या घोड्याला साध्या हवेत वीस-पंचवीस लिटर धरा. उन्हात आणि कामाला त्याच्या दुप्पटही. गवत वाढवलं की बादल्याही वाढवा. साधं मीठ रोज २० ग्रॅमच्या आसपास, घाम गाळत असेल तर जास्त. सुक्या गवतात सोडियम जवळपास नसतंच.

रिकीब

नऊ किलोत निम्मा गव्हाचा पेंढा घातला तर? चावणं होईल, कॅलरी कमी, पोटही सुटणार नाही.

नाडीपरीक्षा

थोडा चालतो, निम्मा नको. पेंढा कमी पचतो, आणि पाणी कमी प्यायलेल्या किंवा दात खराब असलेल्या घोड्याच्या आतड्यात त्याचा बोळा अडकतो. पेंढा हाच मुख्य चारा असलेल्या घोड्यांत जठराचे व्रण जास्त आढळतात, हेही लक्षात घ्या. लठ्ठ पण धडधाकट घोड्याला चाऱ्याचा काही भाग स्वच्छ, बुरशी नसलेल्या पेंढ्याने भरता येतो. चौखूर यांचा घोडा रोडावलेला आहे, त्याला काय गरज?

उलट त्याला एक-सव्वा किलो लसूणघास देता येईल, गवतातलं तेवढंच कमी करून. तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर, आणि जठरातल्या आम्लाला ती बऱ्यापैकी आवरते. सगळा चारा लसूणघासाचाच करू नका, ऊर्जा आणि प्रथिनं गरजेपेक्षा वर जातात, मूत्र वाढतं, थान ओलं राहतं.

आणि तो गव्हाचा कोंडा. कोंड्यात फॉस्फरस खूप, कॅल्शियम फार थोडं. एकूण खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवं, दीडपट ते दुप्पट असेल तर छान. उलटं झालं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं. जुन्या काळी भरपूर कोंड्यावर पोसलेल्या घोड्यांच्या चेहऱ्याची हाडं सुजायची ती यामुळेच. चंदीतून कमी करायचं तर आधी कोंडा कमी करा.

चौखूर

हे मला अगदी नवीन. कोंडा "हलका" म्हणून देतात सगळे.

अजून एक विचारायचं राहिलं. नवीन गठ्ठे जरा धुरकट आहेत, झटकले की धूळ उडते. बुरशीचा वास नाही. घोडा कधीतरी खोकतो. गवत भिजवू का? आणि भिजवलं तर वजन कसं धरायचं?

खरारा

वजन कोरडं असतानाच करायचं, भिजवल्यावर काट्यावर पाणीच जास्त दिसतं. धूळ बसवायला पाच-दहा मिनिटं बुडवणं पुरेसं, निथळून लगेच घालायचं. गरम हवेत ओलं गवत तासन्‌तास राहिलं तर आंबतं, म्हणून एका खेपेपुरतंच भिजवा.

नाडीपरीक्षा

भर घालते. तासभर भिजवलं तर गवतातली साखरही पाण्यात उतरते. लॅमिनायटिस, म्हणजे खुरांच्या आतल्या पापुद्र्यांचा दाह, झालेल्या घोड्यांना यासाठी मुद्दाम भिजवून देतात. त्यांच्या गवतात साखर आणि पिष्ट मिळून दहा-बारा टक्क्यांच्या आत हवं. पण साखरेबरोबर खनिजं आणि थोडा कोरडा भागही जातो. चौखूर यांच्या रोडावलेल्या घोड्याला तासभर भिजवायचं कारण नाही, धुळीपुरतं बुडवा. भिजवलेलं पाणी घोड्याला पाजू नका, ओतून द्या. खोकला टिकला तर दाखवा. आणि बुरशी दिसली तर तो गठ्ठा धुऊन, उन्हात घालून वगैरे वाचवायचा नाही. टाकायचा.

जुनापागेदार

अवांतर, पण हिशोब चुकतो म्हणून: कुणी हवाबंद गुंडाळलेलं ओलसर गवत वापरत असेल तर नऊचा आकडा लागू नाही. त्यात कोरडा भाग साधारण साठ टक्के धरला तर ८ किलो कोरड्यासाठी १३.३ किलो घालावं लागेल. सुक्यावरून त्यावर जाताना लोक किलोला किलो बदलतात आणि घोडा उपाशी राहतो. गुंडाळी फाटलेली असेल तर ते गवत वापरूच नका, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो.

चौखूर

सगळं एकत्र करून मोतद्दाराबरोबर बसले. ठरलं ते असं.

पहिले दोन दिवस सहा किलो, मग दर तीन दिवसांनी अर्धा किलो वाढ, नऊपर्यंत. चार वेळा, खराराने दिलेल्या वाटणीने, रात्रीचं दोन जाळ्यांत. चंदी त्याच बेताने उतरवत अर्धा किलो ओटवर, कोंडा आधी बंद. लसूणघास नऊवर पोचल्यावर, तेव्हाच हळूहळू. रपेटीआधी अर्धा तास थोडं गवत द्यायचं का, यावर आमच्यात एकमत नाही. तो म्हणतो, भरल्या पोटी घोडा पळवू नये.

नाडीपरीक्षा

भरपेट चंदीनंतर पळवू नये हे खरं. गवताचं तसं नाही. किलोभर गवत जठरात तरंगत राहतं आणि दुडकीत-दौडीत आम्ल वरच्या नाजूक भागावर उसळू देत नाही. रिकाम्या पोटी पळवणं हेच वाईट. मोतद्दाराला सांगा, चंदीबद्दल तो बरोबर आहे.

रिकीब

आज आमच्या इथल्या तिघांचं गवत तोललं. नजरेने मी तिघांना सारखंच घालत होतो असं समजत होतो. एकाला सात, एकाला साडेनऊ, तिसऱ्याला जवळजवळ अकरा. अकरावाला दाराजवळचा, तोच सगळ्यात आधी खिंकाळतो. बाकी काही म्हणत नाही.

खरारा

:D

तट्टूवाली

धागा वर काढतेय, कारण आता माझाच प्रश्न आहे. तट्टू २५० किलोचं झालंय, असायला हवं २२० च्या आसपास. मानेवर चरबीची कड आलीय. मुबलक गवत बंद करायचं ठरवलं, पण किती? एकदम निम्मं केलं तर?

नाडीपरीक्षा

एकदम निम्मं मुळीच नको. लठ्ठ तट्टाला उपाशी ठेवलं तर अंगातली चरबी रक्तात लोटते, यकृत बिघडतं आणि तट्टू जाऊ शकतं. घोड्यांपेक्षा तट्टांत आणि गाढवांत हा धोका जास्त.

सध्याच्या वजनाच्या दीड टक्का धरा. २५० चे ३.७५ किलो कोरडा चारा, म्हणजे सुकं गवत ४.३ किलो. दोन आठवड्यांत सावकाश तिथवर या. चंदी शून्य, पण खनिजं आणि ई जीवनसत्त्व वेगळं द्या, साठवलेल्या गवतात ते फार उरत नाही. मानेवर कड आहे म्हणजे साखरेची भीती आहेच, तेव्हा तासभर भिजवून द्या. भिजवण्यात थोडा कोरडा भाग जातो म्हणून कोरडं तोलताना साडेचार-पावणेपाच घेतलंत तरी चालेल. चार-पाच वाटे करा, सगळं बारीक भोकांच्या जाळीत. पाय दुखत नसतील तर रोज चालवा. महिन्याभरात फीत हलली नाही तर पुढचा आकडा मी तपासून ठरवेन, तुम्ही आपणहून कमी करू नका.

तट्टूवाली

ठीक. काटा कुठला घेतलात, खरारा?

खरारा

पन्नास किलोपर्यंतचा साधा लटकता. दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा नको, पन्नास-शंभर ग्रॅमचा पुरे. हूक मात्र मोठा बघून घ्या, जाळीची दोरी लहान हुकात बसत नाही.